हनुवटीची नस

अक्कलदाढ काढायची म्हटली, की घरातल्या वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: डोळ्यांना काही होणार नाही ना? दाढ काढली की नजर अधू होते, ही समजूत आपल्याकडे खेड्यांत आणि शहरांतही अजून घट्ट आहे. तिला आधार नाही. दृष्टीची नस डोळ्यातून थेट मेंदूकडे जाते, दातांच्या वाटेला ती येतच नाही. तरीही असे विचारणाऱ्याला वेड्यात काढू नये, कारण त्याच्या भीतीत खऱ्याचा अंश आहे. दाढेला लागून नस असते आणि दाढ काढताना ती दुखावू शकते, एवढे त्याच्या कानावर आलेले असते. दुखावते ती कोणती नस, आणि ती दुखावली तर माणसाचे काय जाते, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते. खालच्या जबड्यात रुतलेल्या अक्कलदाढा काढण्याच्या कामात वर्षे गेल्यावर माझे मत असे झाले आहे, की उतारवयातल्या माणसाशी सगळ्यात आधी याच विषयावर बोलायला हवे. दाढ निघेल का, दुखेल किती, खर्च किती, हे सारे त्यानंतर. पन्नाशी-साठीनंतर अशा दाढेचा निर्णय नसेचा हिशेब मांडून घ्यावा. सवयीने दाढ काढू नये, आणि सवयीने ती सोडूनही देऊ नये.

धोक्यात येणाऱ्या नसा दोन. दोन्ही चेहऱ्याची संवेदना वाहून नेणाऱ्या ट्रायजेमिनल नावाच्या मोठ्या नसेच्या फांद्या आहेत. पहिली जबड्याची नस. ती जबड्याच्या मागच्या भागात हाडात शिरते, हाडातल्या बोगद्यातून दाढांच्या मुळांखालून पुढे सरकते आणि उपदाढांच्या खाली एका छिद्रातून बाहेर पडून खालच्या ओठात आणि हनुवटीत पसरते. रुतलेल्या अक्कलदाढेची मुळे कधी या बोगद्याला टेकलेली असतात, तर कधी त्यांच्यावर नसेची खाच पडलेली असते. दुसरी जिभेची नस. ती दाढेच्या आतल्या अंगाला, हाडाबाहेर, मऊ भागातून जाते. एक्स-रेत दिसत नाही, आणि काही माणसांत हाडाच्या कडेइतक्या उंचीवर, हिरडीच्या लगेच खाली असते. जिभेच्या त्या अर्ध्या भागाचा स्पर्श आणि चव तिच्यातूनच जाते. यातली कोणतीही नस ओठ किंवा जीभ हलवण्याचे काम करत नाही. त्यामुळे इजा झाली तरी तोंड वाकडे होत नाही, बोलणे फारसे बदलत नाही, आरशात काहीच दिसत नाही. घरच्यांना वाटते, सगळे ठीक आहे. आणि त्या माणसाला गरम चहा ओठाला भाजतो आहे हे समजत नाही, हनुवटीवर सांडलेला आमटीचा ओघळ दुसऱ्याने दाखवावा लागतो, दाढी करताना कापलेले लक्षात येत नाही, जेवताना ओठ दाताखाली येतो. काहींना नुसता बधिरपणा नसतो. मुंग्या, जळजळ, वाऱ्याच्या झुळकीनेही उठणारी कळ असते. ही कळ बधिरपणापेक्षा कितीतरी वाईट, आणि तिच्यावरचे उपचार अपुरे. न दिसणाऱ्या दुखण्याबद्दल वारंवार बोलणारा म्हातारा माणूस घरात हळूहळू कटकट्या ठरतो, हा त्याचा दुसरा त्रास.

आकडे सांगायचे तर, सगळ्या वयांच्या रुग्णांना एकत्र धरले असता जबड्याच्या नसेला तात्पुरती इजा शंभरात काही जणांना होते, आणि कायमची इजा एक टक्क्यापेक्षा कमी जणांना. जिभेच्या नसेच्या तात्पुरत्या इजेचे आकडे शस्त्रक्रियेच्या पद्धतीप्रमाणे बरेच वरखाली होतात. ती नस वाचवावी म्हणून तिच्या बाजूची हिरडी उचलून मध्ये धातूची पट्टी धरण्याची पद्धत पूर्वी सर्रास होती. पिचलर आणि बीर्न यांनी २००१ साली घेतलेल्या आढाव्यात असे दिसले, की या पट्टीमुळे तात्पुरती इजा वाढते आणि कायमच्या इजेत फरक पडत नाही. म्हणजे संरक्षणासाठी केलेली गोष्टच नसेला ताण देत होती. एक टक्क्याहून कमी हा आकडा ऐकून बहुतेक माणसे निश्चिंत होतात, आणि विशीतल्या मुलाने निश्चिंत व्हावे हे योग्यच आहे. पण हा आकडा सगळ्यांच्या सरासरीचा आहे, आणि त्या सगळ्यांत कॉलेजात जाणारी मुले मोठ्या संख्येने आहेत. पासष्ट वर्षांच्या माणसाला तो जसाच्या तसा सांगणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा त्याला घालणे होय.

वयाने नेमके काय बदलते? सगळ्यात आधी हाड. विशीतल्या जबड्याच्या हाडाला लवचीकपणा असतो. दाढेखाली एलेव्हेटर, म्हणजे दाढ उचलायचे हत्यार, लावून हलकेच रेटले की हाड जरासे दबते, दाढेला वाट देते. साठीतले हाड घट्ट आणि ठिसूळ होते, ते वाट देत नाही, हा फरक हाताला पहिल्या मिनिटात कळतो. मग दाढेभोवतीचे जास्त हाड बरने, म्हणजे फिरत्या कापणाऱ्या टोकाने, काढावे लागते, दाढेचे जास्त तुकडे करावे लागतात, आणि प्रत्येक जादा तुकड्याबरोबर हत्यार नसेच्या जवळ जाते. दुसरा बदल मुळांत. सतराव्या-अठराव्या वर्षी अक्कलदाढेची मुळे पुरती तयार झालेली नसतात, त्यांची टोके बोगद्यापासून अंतर राखून असतात. पुढे ती पूर्ण वाढतात, काहींची टोके वाकतात, काहींवर वर्षानुवर्षे सिमेंटमचे, म्हणजे मुळावरच्या कठीण आवरणाचे, थर चढून ती जाड होतात. मूळ आणि हाड यांच्यामधला बारीक पदर उतारवयात अरुंद होतो, क्वचित मूळ हाडाला चिकटूनच बसते. तिसरा बदल नसेत. तुटलेली वा चिरडलेली नस पुन्हा वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने. दाढेपासून ओठापर्यंतचे अंतर पाहता हा महिन्यांचा हिशेब आहे, आणि वय वाढते तशी ही वाढ मंदावते, अपुरी राहते. म्हणजे उतारवयात इजा होण्याची शक्यताही जास्त आणि भरून येण्याची आशाही कमी. या दोन्ही गोष्टी एकाच दिशेने ओढतात, आणि म्हणूनच मी वयाला एवढे महत्त्व देतो.

यावर काही सहकारी रास्त शंका घेतात. वय हे खरोखर कारण आहे, की म्हातारपणी आमच्याकडे येणाऱ्या दाढाच मुळात अवघड असतात? ज्यांची दाढ सोपी होती त्यांची तरुणपणीच निघून गेली, उरल्या त्या खोल रुतलेल्या, किडलेल्या, पू झालेल्या. मग दोष वयाला का द्यायचा? ब्रूस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली अमेरिकेत रुग्णांचे वयाप्रमाणे तीन गट पाडून पाहिले, आणि पस्तिशीच्या पुढच्या गटात शस्त्रक्रियेनंतरचा त्रास सगळ्यात जास्त आढळला. पुढच्या अनेक अभ्यासांचा कल तसाच आहे. पण शंका घेणाऱ्यांचे म्हणणे अगदी खोडून काढता येत नाही, कारण वयाची चिठ्ठी काढून माणसांना तरुण किंवा म्हातारे करता येत नाही. माझे उत्तर एवढेच, की टेबलावर आलेल्या रुग्णासाठी या वादाने काही बदलत नाही. वय हे कारण असो वा कारणांची गोळाबेरीज असो, त्याच्या जबड्यात घट्ट हाड, पुरी वाढलेली मुळे आणि वर्षांचा साचलेला जंतुसंसर्ग हे सगळे एकत्र आलेले असते. त्याला सांगायचा धोका त्याच्या दाढेचा असतो, सरासरीचा नसतो.

मग सगळ्यांच्याच अक्कलदाढा विशीत काढून टाकाव्यात का? हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, कारण वरचा सारा युक्तिवाद तिकडेच बोट दाखवतो असे वाटते. पण विशीतला धोका कमी असला तरी शून्य नसतो. ज्या हजारो मुलांच्या दाढेने आयुष्यभर काहीच त्रास दिला नसता, त्यांच्यातल्या काहींना आपण विनाकारण बधिर ओठ देऊ. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने २००० साली नेमके हेच म्हणून त्रास नसलेल्या दाढा काढणे थांबवायला सांगितले. दाढेभोवतीची हिरडी एकदा सुजली, तरी ती सूज फार गंभीर नसेल तर तेवढ्यावर दाढ काढू नये, असेही सांगितले. पुढच्या दहा वर्षांत काय झाले, हा आपल्यासाठी मोठा धडा आहे. मॅकार्डल आणि रेंटन यांनी २०१२ साली मांडलेल्या आकडेवारीनुसार अक्कलदाढ काढून घेणाऱ्यांचे सरासरी वय २५ वरून ३२ वर गेले, आणि दाढ काढण्यामागे कीड हे कारण वाढले. आडव्या दाढेत आणि तिच्या पुढच्या दाढेत अन्न अडकून पुढची चांगली दाढही मागच्या बाजूने किडू लागली. शस्त्रक्रिया टळल्या नाहीत, बऱ्याचशा पुढे ढकलल्या गेल्या. वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या आढाव्यानेही त्रास नसलेल्या दाढांबद्दल काढा किंवा ठेवा यांपैकी एका बाजूने ठाम सांगण्याइतका पुरावा नाही, असाच निर्वाळा दिला आहे. यातून मी काढलेला निष्कर्ष असा: दाढ ठेवणे चूक नाही, ठेवून विसरणे चूक आहे. अर्धवट बाहेर आलेली, पुढच्या दाढेवर आडवी टेकलेली दाढ तिशीच्या आतच निकाली काढावी. पूर्ण हाडात गाडलेली, कशालाही न टेकणारी दाढ ठेवावी, पण वर्षा-दोन वर्षांनी ती पाहावी. आपल्याकडे दुसऱ्या अर्ध्याचीच वानवा आहे. ‘दुखत नाही ना, मग राहू द्या’ एवढे सांगून माणूस घरी जातो आणि वीस वर्षांनी सुजलेला गाल घेऊन येतो.

त्या वीस वर्षांत तो एकटा म्हातारा होत नाही, त्याच्याबरोबर औषधांची पिशवीही मोठी होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह, आणि हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिली जाणारी झोलेड्रोनिक ॲसिडसारखी औषधे. या शेवटच्या गटामुळे दाढ काढल्यावर जबड्याचे हाड उघडे पडून मरू शकते, हे २००३ पासून माहीत झालेले आहे. ती औषधे घेणाऱ्या आईच्या दाढेचा निर्णय मुलाने परस्पर ठरवू नये. महाराष्ट्रात आणखी एक अडचण आहे, जी परदेशी पुस्तकांत ओझरती येते: खर्रा, गुटखा आणि सुपारीने तोंड उघडेनासे झालेली माणसे. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण त्याआधीच्या आणि नंतरच्याही वर्षांचा परिणाम गालांत आणि जबड्यांत उरलेला आहे. दोन बोटेही नीट न शिरणाऱ्या तोंडात मागच्या दाढेपर्यंत हात पोचवताना जिभेच्या नसेवर ताण येणार हे उघड आहे. आणि खास म्हातारपणाची म्हणावी अशी एक दाढ असते: सगळे दात गेलेले, वर्षानुवर्षे कवळी लावलेली, हाड झिजत झिजत खाली गेलेले, आणि एक दिवस कवळीखालच्या हिरडीतून पन्नास वर्षे गाडलेली अक्कलदाढ डोके वर काढते. असा जबडा बारीक उरलेला असतो, दाढ त्याची बरीच जागा अडवून बसलेली असते, बोगदा लगेच खाली. इथे नसेबरोबर जबडा मोडण्याचाही धोका असतो. कवळी खालून कोरून, त्या जागेवरचा दाब काढून भागत असेल तर आधी तेच करावे, असे माझे ठाम मत आहे.

तंत्रज्ञान हा धोका पुसून टाकेल, अशी आशा अनेकांना वाटते. ओपीजीवर, म्हणजे संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेवर, नस आणि मुळे यांची जवळीक कशी ओळखावी हे रूड आणि शेहाब यांनी १९९० साली नीट मांडले. त्यांनी पाहिलेल्या सात खुणांपैकी तीन खुणांचा इजेशी खरा संबंध दिसला: बोगदा ओलांडतो तिथे मूळ काळपट दिसणे, बोगद्याची पांढरी रेघ तुटणे, आणि बोगद्याने मुळाजवळ वळण घेणे. आजही दाढेचा ओपीजी हातात घेतला की नजर आधी याच तीन गोष्टी शोधते. त्यापुढे सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅन आला, जबडा तिन्ही बाजूंनी दिसू लागला, नस मुळाच्या गालाकडच्या अंगाला आहे की जिभेकडच्या हे कळू लागले. पण चिठ्ठ्या टाकून दोन गट करून झालेल्या चाचण्यांत सीबीसीटी काढलेल्या रुग्णांची इजा ओपीजीवाल्यांपेक्षा कमी झाली नाही. कारण सरळ आहे. नस कुठे आहे हे दिसल्याने ती तिथून हलत नाही. दिसलेल्यावरून बेत बदलला तरच उपयोग. दाढ काढायचीच असे आधीच ठरवून काढलेला सीबीसीटी रुग्णाच्या खिशाला खर्चाचा आणि जबड्याला किरणांचा भार देतो, बाकी काही नाही.

बेत बदलणे म्हणजे काय, याचे सगळ्यात चांगले उदाहरण कोरोनेक्टोमी आहे. यात दाढेचा वरचा भाग, मुकुट, कापून काढतात आणि नसेला टेकलेली मुळे जागेवर सोडतात. टारा रेंटन यांच्या गटाने २००५ साली ब्रिटनमधली चाचणी प्रसिद्ध केली; एक्स-रेत नस जवळ दिसणाऱ्या दाढाच तिच्यात घेतल्या होत्या. पूर्ण काढलेल्या १०२ दाढांपैकी १९ ठिकाणी नसेला इजा झाली, मुकुट यशस्वीपणे काढलेल्या ५८ ठिकाणी एकही नाही. ज्या ३६ ठिकाणी बेत कोरोनेक्टोमीचा होता पण मुळे हलल्याने ती काढावी लागली, तिथे तीन. हे आकडे मी रुग्णांनाही सांगतो. आक्षेप ठरलेला असतो: मूळ आत ठेवायचे म्हणजे अर्धवट काम, उद्या तिथे पू होईल, पुन्हा टेबलावर यावे लागेल. काहींना यावे लागते, हे खरे. पण त्याचे कारण बहुधा असे असते, की सोडलेली मुळे पहिल्या वर्षात काही मिलिमीटर वर सरकतात. म्हणजेच ती नसेपासून दूर गेलेली असतात आणि दुसऱ्यांदा काढताना धोका कमी झालेला असतो. वय वाढले की हे सरकणेही कमी होते, त्यामुळे साठीच्या माणसाला पुन्हा यावे लागण्याची शक्यता तशीही थोडी. मात्र हा उपाय सगळ्यांसाठी नाही. कीड दाढेच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली, हलणारी, गाठ झालेली दाढ किंवा प्रतिकारशक्ती फार खालावलेला रुग्ण असेल तर मुळे ठेवता येत नाहीत. शिवाय हात तयार असावा लागतो, मुकुट कापताना मुळे हलली की सगळा बेत मोडतो. ही शस्त्रक्रिया आपल्याकडे जेवढ्या वेळा व्हायला हवी तेवढी होत नाही, आणि त्यामागे पुराव्याचा अभाव हे कारण नाही. काढली तर पूर्ण काढावी, ही दंतवैद्याच्या मनातली जुनी शिस्त आड येते, आणि ‘मूळ ठेवलं’ हे ऐकून रुग्णाला आपली फसवणूक झाली असे वाटेल, ही भीतीही. दोन्हींवर उपाय आधी बोलणे हाच.

बोलण्याच्या बाबतीत कायदा संदिग्ध नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात सांगितले, की संमती खरी ठरायची तर उपचाराचे स्वरूप, त्याला असलेले पर्याय, मोठे धोके आणि उपचार न केल्यास होणारे परिणाम रुग्णाला पुरेसे सांगितलेले हवेत. त्याच निकालात असेही आहे, की दूरचे, केवळ पुस्तकी धोके सांगून रुग्णाला घाबरवण्याची गरज नाही. या दुसऱ्या वाक्याचा आधार घेऊन हनुवटीच्या बधिरपणाबद्दल गप्प राहणारे पुष्कळ आहेत. त्यांचा हेतू वाईट नसतो. म्हाताऱ्या माणसाने घाबरून उपचारच टाळू नये, एवढेच त्यांना वाटत असते. पण मुळावर काळी पट्टी दिसत असताना, त्या प्रकारच्या दाढांत शंभरात जवळपास एकोणीस इजा नोंदल्या गेल्या असताना, हा धोका दूरचा कसा म्हणायचा? आणि सांगायचे ते छापील इंग्रजी फॉर्मवर सही घेऊन नव्हे. ‘नर्व्ह इंज्युरी’ या शब्दांनी आजोबांना काहीच कळत नाही. ‘भूल दिल्यावर ओठ जसा जड, सुजल्यासारखा वाटतो ना, तसा तो काही महिने, क्वचित कायमचा राहू शकतो’ हे ऐकले की लगेच कळते, कारण ते त्यांनी अनुभवलेले असते. एवढे सांगितल्यावरही बहुतेक माणसे दाढ काढायला तयार होतात, त्रास तेवढा असतो म्हणून. जी नको म्हणतात त्यांचे नको म्हणणेही विचारपूर्वक असते, आणि ते मानायला हवे.

इजा झालीच तर पहिले दिवस मोलाचे असतात, आणि नेमके तेच वाया जातात. हाडाचा कण किंवा मुळाचा तुकडा नसेवर दाबून बसला असेल तर तो पहिल्या एक-दोन दिवसांत काढल्यास नस वाचण्याची आशा असते. नंतर मात्र वाट पाहायची: बधिर भागाच्या कडा पेनाने आखून ठेवायच्या, महिन्या-महिन्याने तपासायच्या, तीन महिन्यांत जिभेची नस काहीच जागी झाली नाही तर ती शिवता येईल का हे पाहायला तज्ज्ञाकडे पाठवायचे. सहा महिन्यांनंतर आपोआप बरे होण्याची आशा फार थोडी उरते. आपल्याकडे या काळात मेथिलकोबालामिनच्या गोळ्या लिहून दिल्या जातात. त्यांनी अपाय होत नाही, पण त्यांच्यामागचा पुरावा तुटपुंजा आहे, आणि गोळ्या चालू आहेत या समाधानात तपासणी राहून जाते, हे खरे नुकसान.

तुमच्या आई-वडिलांची खालची अक्कलदाढ काढायची असेल, तर आधी ओपीजीवर नस कुठे आहे ते डॉक्टरांना दाखवायला सांगा, आणि मुळे ठेवून दाढ काढता येईल का हे विचारा. दाढ काढल्यावर नेहमीच्या भुलेचा अंमल पाच-सहा तासांत उतरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा ओठ, हनुवटी किंवा जीभ बधिर असेल, तर टाके काढायच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.